खडकीची हॉकी आणि खेळाडूची नोकरी

खडकीत हॉकी आली ती पलटणींबरोबर. 5 नोव्हेंबर 1817 रोजी पेशव्यांची आणि इंग्रजांची लढाई याच परिसरात झाली आणि त्यानंतर मुळेच्या काठी इंग्रजांची छावणी कायमची बसली. 1869 मध्ये तिथे दारूगोळ्याचा कारखाना निघाला. बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्स, म्हणजे आजचा बॉम्बे इंजिनिअर ग्रुप, याचे ठाणेही खडकीतच आले. पुण्याच्या पेठांत तालमी होत्या, छावणीत मोकळी मैदाने होती. दोन्हींत अंतर फक्त काही मैलांचे; पण खेळांच्या दृष्टीने ती दोन वेगळी गावेच म्हणायला हवीत. पेठेतला पोरगा लाल मातीत उतरला, छावणीतल्या पोराच्या हाती स्टिक आली.

हॉकीचे आजचे नियम इंग्लंडमध्ये घडले. 1886 मध्ये लंडनच्या क्लबांनी एकत्र येऊन त्यांना पक्के रूप दिले आणि दहा वर्षांच्या आत हा खेळ हिंदुस्थानात रुजला. कलकत्त्याची बेटन कप स्पर्धा 1895 मध्ये सुरू झाली, मुंबईची आगाखान स्पर्धा 1896 मध्ये. या खेळाला घोडा लागत नाही, मोठा खर्च लागत नाही, सपाट मैदान मिळाले की भागते. गोऱ्या शिपायांकडून तो देशी शिपायांकडे गेला, तिथून छावणीच्या नोकरवर्गाकडे आणि मिशनच्या शाळांकडे. रेल्वेच्या वसाहतींत तो अँग्लो-इंडियन कुटुंबांनी वाढवला.

महाराष्ट्रात हॉकी कुठे रुजली आणि कुठे नाही, याचा नकाशा या वाटांवरूनच काढता येतो. खडकी, पुणे कॅम्प, कामठी या छावण्या. मुंबई हे बंदर आणि रेल्वेचे मुख्यालय. भुसावळसारखी रेल्वेची गावे. या वाटेपासून दूर असलेल्या गावांत खेळ वेगळेच राहिले. बुलढाणा जिल्ह्यात रेल्वे आली ती मलकापूर, नांदुरा, शेगाव या उत्तरेच्या पट्ट्यात. 1870 मध्ये जलंबहून खामगावला फाटा निघाला. दक्षिणेकडच्या मेहकर तालुक्यात रेल्वे पोहोचलीच नाही. त्या तालुक्यातल्या डोणगावसारख्या गावाला ना छावणी होती ना लोहमार्ग. अशा गावात कुस्ती आणि कबड्डी हेच मैदानी खेळ, कारण त्यांना बाहेरून काही आणावे लागत नाही. वऱ्हाडातून हॉकीपटू फारसे का निघाले नाहीत, याचे उत्तर अंगच्या ताकदीत शोधण्यापेक्षा लोहमार्गाच्या नकाशात शोधलेले बरे.

हॉकी खेळून पोट भरता येते ही कल्पना त्या काळी कोणालाच नव्हती. शिपायाला पगार फौजेचा मिळे आणि तो खेळे पलटणीच्या नावासाठी. ध्यानचंद 1922 मध्ये साधे शिपाई म्हणून फौजेत भरती झाले आणि 1956 मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले. मधल्या काळात त्यांनी 1928, 1932 आणि 1936 अशी लागोपाठ तीन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवली, पण निवृत्तीपर्यंत त्यांचा चरितार्थ फौजेच्या पगारावरच चालला. त्यांचे बंधू रूपसिंग ग्वाल्हेर संस्थानच्या फौजेत होते. भारतीय हॉकी फेडरेशनची स्थापनाही 1925 मध्ये ग्वाल्हेरलाच झाली. ऑलिंपिकमध्ये तेव्हा हौशी खेळाडूंनाच प्रवेश होता. खेळाचा मोबदला घेणारा बाद ठरे. त्यामुळे ‘नोकरी एकीकडे, खेळ तिच्या आश्रयाने’ ही रीत सोयीची होती, तशीच नियमात बसणारीही होती. पुढे हौशीपणाची अट सैल झाली, रीत मात्र राहिली.

बर्फावरच्या हॉकीची कथा याच्या अगदी उलट आहे. कॅनडात हॉकी म्हणजे बर्फावरचीच. तिथे 1917 मध्ये माँट्रियल येथे नॅशनल हॉकी लीगची स्थापना झाली आणि तिचा खेळाडू संघाशी करार करून पगार घेई. हंगाम ठरलेला, सामने ठरलेले, तिकिटाचा पैसा संघमालकाकडे, त्यातला वाटा खेळाडूकडे. खेळ हाच त्याचा धंदा. मैदानी हॉकीत भारताने आठ ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवली, पण असा धंदा उभा राहिला नाही. 2005 पर्यंत देशात हॉकीची एकही व्यावसायिक लीग नव्हती.

स्वातंत्र्यानंतर फौजेची जागा हळूहळू शहरातल्या संस्थांनी घेतली आणि त्यात मुंबई पुढे होती. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघात लिओ पिंटो, वॉल्टर डिसूझा, मॅक्सी वाझ, लॉरी फर्नांडिस असे मुंबईचे खेळाडू होते. नावांवरूनच कळते की मुंबईच्या हॉकीचा कणा गोवेकर आणि ख्रिस्ती समाजाचा होता. लुसिटेनियन्ससारखे त्यांचे क्लब होते. पण क्लबात मैत्री मिळते, पगार मिळत नाही. पगार देणारे संघ वेगळे: रेल्वे, टाटा, कस्टम्स, पोलीस, एअर इंडिया, इंडियन एअरलाइन्स, महिंद्र अँड महिंद्र, चेंबूरची राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स. या संस्था खेळाडूला कारकून, निरीक्षक, कामगार किंवा अधिकारी म्हणून नेमत. सकाळी सराव, मग हजेरीपटावर सही, हंगामात सामन्यांसाठी सुटी. चांगला खेळला तर बढती. वयाने पाय थकले की तोच माणूस टेबलावर बसून साठीपर्यंत नोकरी करी. ‘अमुक कंपनीत लागला’ हे वाक्य हॉकीपटूच्या घरी ‘भारताकडून खेळला’ याच्याइतकेच मोलाचे होते. काही घरांत त्याहून जास्त.

मर्विन फर्नांडिस, एम. एम. सोमय्या, जोकिम कार्व्हालो ही या व्यवस्थेच्या भरभराटीच्या काळातली नावे. फर्नांडिस आणि सोमय्या 1980 च्या मॉस्को ऑलिंपिकमधल्या सुवर्णविजेत्या संघात होते. सोमय्यांनी 1988 मध्ये सोलला भारताचे नेतृत्व केले. तोवर खेळाची जमीन मात्र बदलली होती. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम टर्फवर खेळली गेली आणि भारत सातव्या क्रमांकावर घसरला. गवतावर आणि मुरमावर शिकलेले चकवे टर्फच्या वेगापुढे कमी पडू लागले. टर्फ महागडा, त्याला पाणी भरपूर लागते, त्याची देखभाल वेगळी. छावणीतल्या साध्या मैदानावर वाढलेल्या मुलाला तो पहिल्यांदा दिसे तो थेट मोठ्या शहरात, निवड-चाचणीच्या दिवशी.

धनराज पिल्ले अशाच मैदानावर वाढले. त्यांचा जन्म 16 जुलै 1968 रोजी खडकीत झाला. वडील नागलिंगम हे दारूगोळा कारखान्याच्या मैदानाची देखभाल करत. आईचे नाव अंडालम्मा. तमिळ कुटुंब, राहणे कारखान्याच्या वसाहतीत. छावणीच्या आणि कारखान्यांच्या निमित्ताने दक्षिणेकडची कितीतरी कुटुंबे खडकीत येऊन पुणेकर झाली होती, त्यांतलेच हे एक. पाच भावांतले धनराज चौथे. आईने पाचही मुलांना खेळू दिले, ही गोष्ट छोटी नाही. तुटपुंज्या पगाराच्या घरात पाच मुले मैदानावर सोडणे म्हणजे पाच जणांच्या कमाईची वाट लांबवणे. मैदान धुळीचे होते आणि स्टिक बहुधा मोडलेल्या, बांधून वापरलेल्या. मनासमोर आदर्श होता वाराणसीचे मोहम्मद शाहिद यांचा, ज्यांच्या चकव्यांनी त्या पिढीला वेड लावले होते.

घरातून वाट आधी काढली ती थोरल्या रमेशने. रमेश पिल्ले मुंबईत राष्ट्रीय केमिकल्सकडून लीग खेळत आणि भारताकडूनही खेळले होते. 1980 च्या दशकाच्या मध्यावर धनराज भावाकडे मुंबईला गेले. खडकीहून मुंबई हा प्रवास रेल्वेने काही तासांचा, पण हॉकीपटूसाठी तो छावणीच्या जगातून कंपनीच्या जगात जाण्याचा होता. पुढे ते महिंद्र अँड महिंद्रकडे गेले, तिथे जोकिम कार्व्हालो यांचे मार्गदर्शन मिळाले. नंतर इंडियन एअरलाइन्सची नोकरी लागली. धावण्याचा भन्नाट वेग, वर्तुळाबाहेरून आत घुसताना चेंडूवर राहणारी स्टिक आणि रागावर न राहणारा ताबा ही तिन्ही लक्षणे मुंबईच्या लीगने तेव्हाच पाहिली होती.

डिसेंबर 1989 मध्ये दिल्लीतल्या आशिया चषकात त्यांनी भारताकडून पदार्पण केले. 1989 या वर्षी बर्फावरच्या हॉकीतही दोन गोष्टी घडल्या. एप्रिलमध्ये भारताच्या आइस हॉकी संघटनेला आंतरराष्ट्रीय महासंघाचे सदस्यत्व मिळाले. आणि कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियातल्या डंकन गावचा रॉबिन बावा वॉशिंग्टन कॅपिटल्सकडून नॅशनल हॉकी लीगमध्ये उतरला. तिथे खेळणारा भारतीय वंशाचा तो पहिला खेळाडू. बावाच्या वाट्याला त्या लीगचे अवघे 61 सामने आले, गोल 6. बाकीची वर्षे त्याने खालच्या लीगमध्ये काढली. तरीही त्याची ओळख सरळ आहे: व्यावसायिक हॉकीपटू. त्याच वर्षी उतरलेल्या धनराज यांनी भारतासाठी 339 सामने खेळले. पण कागदोपत्री ते विमान कंपनीचे कर्मचारी होते. बावाचा प्रत्येक गोल लीगच्या नोंदीत आहे. धनराज यांनी देशासाठी किती गोल केले याची अधिकृत मोजदाद भारतीय हॉकी फेडरेशनने ठेवलीच नाही. 170 च्या वर असा अंदाज सांगितला जातो, तो खेळाडूच्या आणि आकडे जमवणाऱ्या हौशी माणसांच्या भरवशावर. हिशेब ठेवण्याची सवय धंद्याला असते, आश्रयाला नसते.

339 सामन्यांची ही कारकीर्द ऑगस्ट 2004 पर्यंत चालली. 1992 बार्सिलोना, 1996 अटलांटा, 2000 सिडनी आणि 2004 अथेन्स अशी चार ऑलिंपिक. 1990, 1994, 1998 आणि 2002 असे चार विश्वचषक. चार चॅम्पियन्स करंडक आणि चार आशियाई स्पर्धा. इतक्या मोठ्या स्पर्धा सलग खेळणारा दुसरा हॉकीपटू तेव्हा नव्हता. 1994 च्या सिडनी विश्वचषकानंतर निवडलेल्या जागतिक संघात ते एकटे भारतीय होते. 1995 मध्ये अर्जुन पुरस्कार, 1999–2000 साठी खेलरत्न आणि 2001 मध्ये पद्मश्री मिळाली.

ऑलिंपिक पदकाने मात्र हूल दिली. सिडनीत पोलंडविरुद्धचा सामना जिंकला असता तर उपान्त्य फेरी हाती होती; शेवटच्या मिनिटांत पोलंडने बरोबरी साधली आणि भारत पुन्हा सातवा आला. अथेन्सलाही क्रमांक सातवाच. तिथे धनराज छत्तीस वर्षांचे होते आणि त्यांना मैदानावर फार थोडा वेळ मिळाला. त्याच संघात पुण्याचे विक्रम पिल्ले आणि मुंबईचे विरेन रस्किन्हा व एड्रियन डिसूझा होते. खडकी–मुंबई हा जुना रस्ता अजून वाहता होता, असा त्याचा अर्थ.

या कारकिर्दीचे शिखर 1998 च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत आले. धनराज यांच्या नेतृत्वाखाली भारताने अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला पेनल्टी स्ट्रोकवर हरवले. आशियाई सुवर्ण भारताला 32 वर्षांनी मिळाले होते. 1966 मध्ये मिळाले तेही बँकॉकलाच. त्यानंतर काही आठवड्यांतच, 1999 च्या सुरुवातीला पाकिस्तानविरुद्धच्या मालिकेसाठी संघ निवडताना धनराज आणि आणखी काही ज्येष्ठ खेळाडूंना वगळले गेले. विश्रांती दिली, असे फेडरेशनचे म्हणणे. खेळाडूंनी भत्त्यांचा विषय जाहीरपणे काढला होता, म्हणून ही शिक्षा, असा समज तेव्हा सर्वत्र होता. कारण काहीही असो, चित्र बोलके होते. करार असलेल्या खेळाडूला संघ सोडू शकतो, पण पैसे मागितल्याबद्दल त्याला लाज वाटावी अशी अपेक्षा कोणी करत नाही. इथे देशासाठी खेळणाऱ्याने पैशाचे नाव काढणे हेच औद्धत्य मानले गेले. 2003 मध्ये क्वालालंपूरला पाकिस्तानला 4–2 असे हरवून भारताने प्रथमच आशिया चषक जिंकला, तेव्हाही कर्णधार धनराजच होते.

खेळाचा खरा मोबदला त्यांना परदेशात मिळाला. लंडनचे इंडियन जिमखाना, फ्रान्समधला लियों, जर्मनीतला स्टुटगार्ट किकर्स, मलेशियातले टेलिकॉम आणि बीएसएन, ढाक्याचा अबाहनी: इतक्या ठिकाणी ते खेळले. 1990 च्या दशकात भारतातल्या नामवंत हॉकीपटूंचा हाच रिवाज झाला होता. राष्ट्रीय शिबिर संपले की बॅग भरायची, काही आठवडे किंवा एखादा हंगाम परक्या क्लबकडून पाहुणा खेळाडू म्हणून खेळायचे आणि परत येऊन आपल्या कार्यालयात रुजू व्हायचे. रजा द्यायची की नाही ते कार्यालय ठरवी, परवानगी द्यायची की नाही ते फेडरेशन. अशा रीतीने एकच माणूस भारतात कर्मचारी आणि परदेशात व्यावसायिक असे दुहेरी आयुष्य जगे. विमान कंपनीत नोकरी असणे याला सोयीचे होते, हे वेगळे सांगायला नको.

स्त्रियांची वाट याहून अरुंद होती. त्यांना कारखाने आणि खासगी कंपन्या फारशा घेत नसत; उरली ती रेल्वे. पुण्याच्या रेखा मुंडफन, पुढे रेखा भिडे, यांना 1979 चा अर्जुन पुरस्कार मिळाला. पुण्याच्याच एलिझा नेल्सन यांच्या नेतृत्वाखाली भारताने 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले. त्या स्पर्धेत स्त्रियांची हॉकी प्रथमच होती. त्याआधी 1980 मध्ये मॉस्कोला ऑलिंपिकमधली स्त्रियांची पहिली हॉकी स्पर्धा झाली, तिथे भारत चौथा आला. परदेशी क्लबांचे निमंत्रण या पिढीतल्या खेळाडूंना क्वचितच आले. पुरुषांच्या हॉकीवर लिहिताना पुण्याच्या या दोघींची नावे सहसा गळतात, म्हणून इथे मुद्दाम घेतली.

व्यावसायिक लीग भारतात आली ती जानेवारी 2005 मध्ये, प्रीमियर हॉकी लीग या नावाने. महाराष्ट्राचा संघ मराठा वॉरियर्स आणि त्यात धनराज. देशाकडून शेवटचा सामना खेळून चार-पाच महिने झाल्यावर त्यांना आपल्या देशात व्यावसायिक खेळाडू होता आले. ही लीग 2008 नंतर बंद पडली. 2012 मध्ये वर्ल्ड सिरीज हॉकी नावाचा दुसरा प्रयत्न झाला. त्यात पुण्याचा आणि मुंबईचा असे महाराष्ट्राचे दोन संघ होते, पण 43 वर्षांचे धनराज कर्नाटकच्या संघातून खेळले. पुणे स्ट्रायकर्स अंतिम फेरीत पोहोचले आणि शेर-ए-पंजाबकडून हरले. ही स्पर्धाही एका हंगामात आटोपली. 2013 मध्ये हॉकी इंडिया लीग सुरू झाली. तिच्या पहिल्या लिलावात सरदारसिंग यांना 78 हजार डॉलर मिळाले. धनराज यांच्या पिढीला ही रक्कम ऐकून काय वाटले असेल, याची कल्पना करता येते. मुंबईचा संघ आधी मॅजिशियन्स, मग दबंग अशा नावांनी तिथे खेळला. 2017 नंतर ही लीगही थांबली.

लीग येतात आणि जातात. नोकरी मात्र टिकून आहे, आणि हे फक्त मैदानी हॉकीचे नाही. भारतात बर्फावरची हॉकी मुख्यतः लडाखमध्ये खेळली जाते, तळी गोठली की. तिथले बलाढ्य संघ कोणाचे आहेत ते पाहावे: लडाख स्काउट्सचा आणि इंडो-तिबेट सीमा पोलिसांचा. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी खडकीत जे होते तेच आज लेहमध्ये आहे. पलटण पगार देते, खेळाडू पलटणीसाठी खेळतो. महाराष्ट्र शासनाने 2005 मध्ये शासकीय सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण ठेवले, तेही याच जुन्या रीतीचे नवे रूप. मुंबईतल्या कंपन्यांचे संघ रोडावत गेले तसा सेनादल, रेल्वे, पोलीस आणि सरकारी तेल कंपन्यांवरचा भार वाढला.

विदर्भातून या वाटेवर चाललेला अलीकडचा ठळक खेळाडू म्हणजे यवतमाळचे गोलरक्षक आकाश चिकटे. ते सेनादलाकडून खेळत. 2016 मध्ये मलेशियातल्या कुआंतान येथे आशियाई चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात भारताने पाकिस्तानला 3–2 असे हरवले. नेहमीचे गोलरक्षक श्रीजेश जखमी असल्याने त्यांच्या जागी गोलपोस्टमध्ये चिकटे उभे होते. डिसेंबर 2017 मध्ये भुवनेश्वरला वर्ल्ड लीगच्या उपान्त्यपूर्व फेरीत बेल्जियमविरुद्धचे शूटआउट त्यांनी वाचवले आणि पुढे भारताने कांस्यपदक मिळवले. यवतमाळच्या ज्या भागात पलटणींची छावणीही नव्हती आणि रेल्वेची मोठी वसाहतही नव्हती, तिथल्या मुलाला भारतीय संघाकडे नेणारा रस्ताही शेवटी फौजेच्याच दारातून गेला.

हॉकी इंडिया लीग सात वर्षांच्या खंडानंतर डिसेंबर 2024 मध्ये पुन्हा सुरू झाली. लिलावात कर्णधार हरमनप्रीतसिंग यांना 78 लाख रुपये मिळाले. जानेवारी 2025 मध्ये स्त्रियांची लीगही प्रथमच झाली. त्या हंगामात पुरुषांचे आठ संघ होते आणि स्त्रियांचे चार. खडकी, पुणे आणि मुंबई ज्या राज्यात आहेत, त्या महाराष्ट्राचा संघ त्यांत एकही नव्हता.